अस्वलांच्या मुलखात हँडगन न्यायची असेल तर : नवख्यांसाठी निवडीपासून सरावापर्यंत

अँकरेजला नोकरी लागली, मोंटानात बदली झाली किंवा उन्हाळ्यात आठवडाभर तंबू पाठीवर टाकून अलास्काच्या डोंगरात जायचं ठरलं, की घरात दोन प्रश्न एकापाठोपाठ येतात. तिथे अस्वलं असतात ना? मग बंदूक घ्यायची का? दुसऱ्या प्रश्नावर सल्ला देणारे बहुतेक जण थेट कॅलिबरवर, म्हणजे नळीच्या आणि गोळीच्या मापावर, उडी मारतात. माझ्या मते कॅलिबरचा विचार बराच नंतर करायचा असतो. त्याआधीच्या गोष्टी चुकल्या तर कितीही दणकट रिव्हॉल्व्हर कमरेला असून फायदा होत नाही.

हिशेब साधा आहे. ग्रिझली अस्वल ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावू शकतं, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ मीटर. ३० मीटरवरच्या झुडपातून निघालेलं जनावर दोन सेकंदांत तुमच्यापाशी पोचतं. त्या दोन सेकंदांत जी वस्तू हातात येते आणि जिचा नेम लागतो, तेवढीच कामाची. खालच्या सगळ्या पायऱ्या मी याच हिशेबाने मांडल्या आहेत.

हा लेख अमेरिकेपुरता आहे. मेळघाटात किंवा ताडोबाच्या बफरमध्ये भेटणारं आपलं अस्वल वेगळं आणि कायदाही वेगळा. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, आणि पर्यटकाने पिस्तूल घेऊन जंगलात जाणं हा तिथे पर्यायच नाही.

पायरी १ : तुम्हाला बंदूक बाळगता येते का?

आपल्या मंडळींसाठी ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि अमेरिकन लेखकांना तिची गरज नसल्यामुळे ते तिच्याबद्दल सहसा लिहीत नाहीत.

तुम्ही एच-१ बी, एल-१, एफ-१, बी-२ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार तुम्हाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे. काही अपवाद आहेत. त्यातला नेहमी ऐकू येणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. पण तो काढला की सगळं रान मोकळं, असं समजू नका. राज्याचे कायदे वेगळे लागतात आणि तुमच्या कागदपत्रांत काय आहे यावर बरंच अवलंबून असतं. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर शिक्षेखेरीज देशाबाहेर काढलं जाण्याची वेळ येऊ शकते. म्हणून व्हिसावर असताना दुकानात पाऊल टाकण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नको.

ताबा म्हणजे फक्त हातात धरणं नव्हे. नवऱ्याकडे ग्रीन कार्ड आहे, बायको अजून एच-४ या अवलंबिताच्या व्हिसावर आहे, आणि पिस्तूल घरातल्या उघड्या कपाटात पडलंय, अशी परिस्थिती घातक ठरू शकते. पात्र माणसाकडेच किल्ली किंवा कोड असलेली तिजोरी हवी. मुलं घरात असतील तर ती तशीही हवीच.

ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना, इतर अटी पूर्ण होत असतील तर, खरेदी करता येते. परवानाधारक दुकानदाराकडून हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, घ्यायला वय २१ लागतं, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. हँडगन साधारणपणे आपण राहतो त्याच राज्यात घ्यावी लागते. फिरायला गेलेल्या अलास्कात आवडलेलं रिव्हॉल्व्हर तिथेच विकत घेऊन बॅगेत टाकता येत नाही. ते तुमच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडे पाठवलं जातं आणि ताबा तिथे मिळतो. न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी खरेदीचा वेगळा परमिट लागतो. कॅलिफोर्नियात दुकानदार राज्याने मान्य केलेल्या यादीतलीच मॉडेल्स सर्वसाधारण ग्राहकाला विकू शकतो. एडिसन किंवा सनीव्हेलमध्ये राहणाऱ्यांनी हे सगळं सहलीच्या कितीतरी आधी सुरू करावं.

या पायरीवर उत्तर नकारार्थी आलं तर निराश होऊ नका. पायरी ३ तुमच्यासाठीच आहे, आणि जंगलात जाणाऱ्या बहुतेकांना तेवढी पुरते.

पायरी २ : समोर कुठलं अस्वल येणार आहे?

न्यू जर्सीत अंगणातल्या कचऱ्याच्या डब्यापाशी येतं ते काळं अस्वल. शेननडोआ, ग्रेट स्मोकी माउंटन्स, कॅलिफोर्नियाचा सिएरा नेवाडा इथेही काळंच. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर ग्रिझली आहे, पण राज्यात एकही उरलेलं नाही. या भागांत फिरायला जाताना हँडगनचा विचार करण्याचं कारण मला दिसत नाही. आवाज करा, खाणं बंद डब्यात ठेवा, अंतर राखा. योसेमिटीत तर अस्वलाला पळवायच्या तिखट स्प्रेलाही बंदी आहे.

तपकिरी अस्वल, म्हणजे ग्रिझली, अलास्कात मोठ्या संख्येने आहे. खालच्या ४८ राज्यांत (अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या) मिळून सुमारे २,००० असतील, आणि ती मुख्यतः यलोस्टोन, ग्रँड टीटन आणि ग्लेशियर या उद्यानांच्या आसपास, मोंटाना, वायोमिंग आणि आयडाहोत. रंगावरून ओळखायला जाऊ नका. काळ्या अस्वलाचा रंग दालचिनीसारखा तपकिरीही असतो. खांद्यावरचा उंचवटा, बसकं तोंड आणि लांब नखं ही ग्रिझलीची खूण. आकारात फरक प्रचंड. मोठं काळं अस्वल २०० किलोच्या घरात जातं, तर कोडियाक बेटावरचा दांडगा नर ६०० किलोच्या पुढे.

वागण्यातला फरक याहून महत्त्वाचा. ग्रिझलीचे बहुतेक हल्ले बचावाचे असतात. पिल्लांसोबतची मादी, मेलेल्या हरणावर बसलेलं अस्वल, किंवा वळणावर अचानक समोर आलेला माणूस. म्हणजे तुम्ही अस्वलाला न दचकवणं हाच मोठा बचाव. वाटेवर बोलत, टाळ्या वाजवत चला, विशेषतः ओढ्याच्या खळखळाटात आणि दाट झुडपात. बुटाला बांधायच्या घंट्या विकत मिळतात, त्यांचा फारसा उपयोग नाही. माणसाचा आवाज लागतो, मग तो मराठीत असला तरी चालतो. चार-पाच जणांनी एकत्र चालावं. यलोस्टोनमध्ये अस्वलापासून किमान १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर, लांब राहायचा नियम आहे आणि डेनालीत ३०० यार्ड.

खाण्याबद्दल आपल्याला जास्त काळजी घ्यावी लागते, कारण आपल्या डब्यांना वास असतो. लोणचं, मेतकूट, तुपातले लाडू, शेंगदाण्याची चटणी, शिवाय टूथपेस्ट आणि सनस्क्रीन, सगळं अस्वलाला न उघडणाऱ्या कडक डब्यात जायला हवं. स्वयंपाक आणि साठवण तंबूपासून १०० यार्डांवर. फोडणी देताना अंगावर होते त्या कपड्यांनी तंबूत झोपू नका.

पायरी ३ : आधी स्प्रे

बंदूक घेणार असाल तरी स्प्रे घ्या. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या ८३ घटना तपासल्या. त्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तपकिरी अस्वलांवर स्प्रे मारल्यावर ९२ टक्के वेळा त्यांचं नको असलेलं वागणं थांबलं, आणि जवळून गाठ पडलेल्या स्प्रेधारकांपैकी ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही. त्याच मंडळींनी २०१२ मध्ये बंदुकांबद्दल लिहिलं. १८८३ ते २००९ मधल्या २६९ घटनांत हँडगन ८४ टक्के वेळा आणि लांब नळीच्या बंदुका ७६ टक्के वेळा यशस्वी ठरल्या. पण बंदूक जवळ असलेल्यांत, ती वापरली की नाही यावरून इजा होण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही.

हे आकडे शेजारीशेजारी ठेवून स्प्रे जिंकला असं म्हणणारे बरेच आहेत. ते बरोबर नाही. स्प्रेच्या घटनांतली बरीच अस्वलं कुतूहलाने किंवा खाण्याच्या शोधात आली होती, सगळी चवताळून आलेली नव्हती. मी स्प्रेच्या बाजूने आहे तो वेगळ्या कारणांसाठी. स्प्रेचा ढग रुंद पसरतो, त्यामुळे थरथरत्या हाताला थोडी सूट मिळते. सोबत्याच्या अंगावर अस्वल असताना तिथे गोळी झाडली तर सोबती मरू शकतो, स्प्रेने डोळे चुरचुरतील फक्त. आणि अस्वलही जिवंत राहतं, ही मला छोटी गोष्ट वाटत नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेकडे, म्हणजे ईपीएकडे, नोंदलेला खास अस्वलाचा स्प्रेच घ्या. त्यात कॅप्सेसिन आणि तत्सम घटक १ ते २ टक्के असतात आणि डबा किमान २२५ ग्रॅमचा असतो. माणसांसाठीचा पर्समधला पेपर स्प्रे चालत नाही. तारीख बघा, तीन-चार वर्षांत तो बाद होतो. अस्वल ८-१० मीटरवर आलं की थोडा खाली रोखून मारा, म्हणजे ते ढगातूनच पुढे येईल. समोरून जोराचा वारा असेल तर मार कमी पडतो. आणि हा स्प्रे ओडोमॉससारखा अंगाला किंवा तंबूला आधीच फासून ठेवायचा नसतो. सुकलेल्या तिखटाच्या वासाने अस्वलं उलट जवळ येतात.

पायरी ४ : हँडगनच का, हे स्वतःला विचारा

अलास्काचं मासे आणि शिकार खातं आपल्या सूचनांत पॉइंट थ्री हंड्रेड मॅग्नम रायफल किंवा स्लग, म्हणजे छऱ्यांऐवजी एकच जड गोळी, भरलेली बारा बोअरची शॉटगन सुचवतं, आणि फोर्टी-फोर मॅग्नमसारखी दणकट हँडगनदेखील, विशेषतः नवशिक्याच्या हातात, अपुरी पडू शकते असं स्पष्ट सांगतं. ताकदीत फरक आहेच. बारा बोअरचा स्लग नळीतून निघताना ३,००० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा घेऊन निघतो, तर फोर्टी-फोर मॅग्नमची गोळी सुमारे १,२०० ते १,४०० ज्यूल.

मग हँडगन कशाला? कारण ती अंगावर राहते. नदीत उभं राहून सामन मासे पकडताना, तंबू ठोकताना, पोराला पाठीवर घेऊन चढताना शॉटगन दहा पावलांवरच्या झाडाला टेकवलेली असते. ज्याला दिवसभर दोन्ही हात मोकळे हवेत, त्याच्यासाठी हँडगनला अर्थ आहे. केबिनवर किंवा कायमच्या तळावर राहणार असाल तर शॉटगन घ्या आणि पुढच्या दोन पायऱ्या सोडून द्या.

पायरी ५ : कॅलिबर आणि मॉडेल

दुकानात ही नावं इंग्रजी आकड्यांनीच घेतात, म्हणून इथेही तशीच लिहितो.

नाइन एमएम सगळ्यात सोपं, काडतुसं स्वस्त, झटका कमी, ऊर्जा सुमारे ५०० ज्यूल. अलास्कातल्या एका मुरलेल्या मार्गदर्शकाने २०१६ मध्ये नाइन एमएमने तपकिरी अस्वल मारलं ही घटना खूप सांगितली जाते. ते खरं आहे, पण तो माणूस आयुष्यभर अस्वलांच्या मुलखात काम केलेला आहे. काळ्या अस्वलांच्या भागात, घरात आधीच नाइन एमएम असेल आणि तुम्ही ते उत्तम चालवत असाल, तर नवीन घ्यायची गरज नाही. ग्रिझलीसाठी मुद्दाम विकत घेणार असाल तर याच्या वर जा.

टेन एमएम ऑटो १९८३ मध्ये आलं, मधल्या काळात मागे पडलं आणि गेल्या काही वर्षांत अस्वलांच्या मुलखात पुन्हा फार लोकप्रिय झालं. जड गोळी वापरली तर ७०० ते ९५० ज्यूल. ग्लॉक २० हे यातलं सगळ्यात ओळखीचं पिस्तूल. मॅगझिनमध्ये १५ काडतुसं, भरल्यावर वजन सुमारे १,१०० ग्रॅम. ग्रीनलंडच्या उत्तरेला कुत्र्यांच्या गाडीवरून गस्त घालणारं डेन्मार्कचं सिरियस पथक ध्रुवीय अस्वलांसाठी हेच वापरतं. दोष एकच, मूठ जाड आहे. लहान पंजाच्या माणसाला ट्रिगरपर्यंत बोट नीट पोचत नाही. त्यांनी ग्लॉक २० एसएफ किंवा स्मिथ अँड वेसनचं टेन एमएममधलं एम अँड पी हातात धरून बघावं.

थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नम, १९३५ मधलं. जड गोळीसोबत ताकद टेन एमएमच्या जवळपास जाते. रुगर जीपी १०० सारख्या मजबूत रिव्हॉल्व्हरमध्ये झटका सहन होण्याजोगा असतो. शिवाय त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये थर्टी-एट स्पेशलची सौम्य काडतुसं चालतात, त्यामुळे शिकायला फार सोयीचं. या कॅलिबरला आज जितका मान मिळतो त्याहून जास्त मिळायला हवा असं मला वाटतं.

फोर्टी-फोर मॅग्नम, १९५५ पासूनचं, अलास्कात अनेक दशकं हाच मापदंड. स्मिथ अँड वेसन ६२९, रुगर रेडहॉक ही नेहमीची नावं. रेडहॉक रिकामं असतानाच सव्वा किलोहून जड. हे वजन अंगावर बाळगताना त्रास देतं आणि गोळी झाडताना मदत करतं, कारण झटका जड बंदूक पिते. वजनाला कंटाळून लोक स्कँडियमचं ३२९ पीडी घेतात. ते जेमतेम ७०० ग्रॅमचं, दिवसभर जाणवत नाही, पण पूर्ण ताकदीच्या काडतुसाने हाताला असा तडाखा बसतो की बरेच जण त्याचा सराव सोडून देतात. आणखी एक धोका असतो. हलक्या रिव्हॉल्व्हरच्या झटक्याने सिलिंडरमधल्या उरलेल्या काडतुसांतल्या जड गोळ्या पुढे सरकू शकतात आणि सिलिंडर अडकतो. ज्या काडतुसांना कवचाच्या तोंडाशी घट्ट चिमटा असतो तीच घ्या आणि नेमबाजीच्या रेंजवर तपासून बघा.

फोर-फिफ्टी-फोर कॅसुल आणि २००३ मध्ये आलेलं फाइव्ह हंड्रेड स्मिथ अँड वेसन नवख्यांनी घेऊ नयेत. त्यांची ताकद खरीच आहे. पण पहिल्या गोळीनंतर नळी आभाळाकडे जाते आणि ती खाली येईपर्यंत त्या दोन सेकंदांतलं उरलंसुरलंही निघून जातं.

निवड कशी करायची? भाड्याने बंदुका देणाऱ्या रेंजवर जा. दोन-तीन प्रकार चालवा. सात मीटरवर, जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात, वेगाने झाडलेल्या पाचही गोळ्या ज्या सगळ्यात ताकदवान कॅलिबरने तुम्हाला ठेवता येतात, ते तुमचं कॅलिबर. दुकानदार, मेहुणा, शेजारी काय म्हणतात ते ऐकून घ्या आणि ताटाकडे बघून ठरवा.

पायरी ६ : रिव्हॉल्व्हर की सेमी-ऑटोमॅटिक

दोन्ही बाजूंना ठोस कारणं आहेत. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात काडतुसं जास्त, दुसरी गोळी लवकर, ट्रिगर हलका. पण ते घट्ट धरलं नाही, एका हाताने किंवा पडल्या पडल्या वेड्यावाकड्या मुठीने झाडलं, तर अडकू शकतं. अस्वल अंगावर असताना नळी त्याच्या शरीरात दाबली तर पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे जातो आणि गोळी सुटतच नाही. रिव्हॉल्व्हरला हे दोन्ही त्रास नाहीत. दाबून धरूनही ते चालतं, आणि काडतूस फुटलं नाही तर पुन्हा ट्रिगर ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. उलट बाजू अशी की गोळ्या पाच किंवा सहाच, पुन्हा भरायला वेळ, आणि एकाच ओढीत घोडा मागे नेऊन सोडणारा, म्हणजे दुहेरी क्रियेचा, ट्रिगर लांब आणि जड.

नियमित सराव करणाऱ्याला मी टेन एमएम पिस्तूल सुचवेन. वर्षातून एकदाच सहलीपुरती बंदूक बाहेर काढणाऱ्याला चार इंची नळीचं थ्री-फिफ्टी-सेव्हन रिव्हॉल्व्हर.

पायरी ७ : काडतुसं

माणसापासून संरक्षणासाठी विकली जाणारी हॉलो पॉइंट गोळी शरीरात शिरताच पसरते आणि लवकर थांबते. अस्वलाची जाड कातडी, चरबी, स्नायू आणि दणकट हाडं यांतून आत खोलवर जायला हवं असेल तर न पसरणारी गोळी लागते. हार्ड कास्ट, म्हणजे कडक मिश्रधातूची सपाट नाकाची शिशाची गोळी, किंवा अखंड तांब्याची. टेन एमएममध्ये २०० ते २२० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप), थ्री-फिफ्टी-सेव्हनमध्ये १८० च्या आसपास, फोर्टी-फोरमध्ये २४० ते ३०० ग्रेन वजनाची.

ग्लॉकच्या मूळ नळीसाठी कंपनी आवरण नसलेल्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असं सांगते. म्हणून ग्लॉकमध्ये आवरण असलेली किंवा तांब्याची गोळी घ्या, नाहीतर त्यासाठी बनवलेली दुसरी नळी बसवून घ्या. कुठलंही काडतूस निवडलं तरी त्याचा एक अख्खा बॉक्स रेंजवर चालवून बघितल्याशिवाय जंगलात नेऊ नका. तुमच्या पिस्तुलाला ते पचतं की नाही, हे तिथेच कळायला हवं.

पायरी ८ : होल्स्टर

पाठपिशवीतली बंदूक अस्वलाच्या बाबतीत घरी ठेवल्यासारखीच. कमरेवर लावली तर पाठपिशवीचा पट्टा नेमका त्यावर येतो, आणि कंबरभर पाण्यात शिरताना ती भिजते. म्हणून अलास्कात छातीवरचा होल्स्टर वापरतात. पिशवी काढली, रेनकोट चढवला, पाण्यात उतरलात, तरी हात तिथेच जातो. ट्रिगर पूर्ण झाकणारा आणि उड्या मारल्या तरी बंदूक न सोडणारा होल्स्टर हवा. यात पैसे वाचवू नका.

स्प्रे दुसऱ्या बाजूला, पिशवीच्या पट्ट्यावर किंवा कमरेवर. दोन्ही कुठे आहेत हे बरोबरच्या प्रत्येकाला माहीत असू द्या. झोपताना दोन्ही तंबूत हाताशी, रोज एकाच जागी, टॉर्चसकट.

पायरी ९ : सराव

आधी सुरक्षेचे चार नियम. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजूनच हाताळायची. ज्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही. नेम धरून निर्णय होईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. आणि लक्ष्याच्या मागे काय आहे, कोण आहे, ते माहीत हवं. जंगलात अस्वलापेक्षा सोबत्याच्या चुकीची भीती मला जास्त वाटते, आणि ती चूक याच चारांपैकी एक असते.

प्रशिक्षकाकडून मूलभूत कोर्स करा. कानाला आणि डोळ्याला संरक्षण लावूनच चालवा, मॅग्नमचा आवाज कान कायमचे बिघडवू शकतो. थर्टी-एट किंवा सौम्य टेन एमएमने सुरुवात करून वर चढा. पहिल्याच दिवशी मोठं काडतूस वापरलं तर आवाजाला दचकून हात खाली झुकवायची सवय लागते, आणि ती मोडायला महिने जातात.

मग होल्स्टरमधून काढून झाडण्याचा सराव. घरी आधी पूर्ण रिकाम्या बंदुकीने, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. सहलीला घालणार तेच जाकीट आणि तीच पाठपिशवी अंगावर घ्या. हातमोज्यांनी बघा. रेंजवर परवानगी असेल तिथे काढण्यापासून पहिली गोळी लागेपर्यंत वेळ लावा. दोन सेकंदांच्या आत सात मीटरवर नेम बसायला लागला की तुम्ही तयार आहात. लक्ष्य जमिनीलगत ठेवा. धावून येणारं अस्वल चार पायांवर, डोकं खाली घालून येतं, माणसाच्या उंचीवरच्या कागदावरचा सराव इथे फसवतो. नेम पुढे येणाऱ्या शरीराच्या मध्यावर, खालच्या बाजूला, आणि अस्वल थांबेपर्यंत किंवा वळेपर्यंत झाडत राहायचं.

बहुतेक वेळा त्याआधीच ते थांबतं. खोटी चाल करून काही मीटरवर थबकणं हे ग्रिझलीचं नेहमीचं वागणं आहे. तोवर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही. स्प्रे किंवा बंदूक तयार ठेवून, शांत आवाजात बोलत हळूहळू मागे सरकायचं. बचावासाठी आलेल्या ग्रिझलीने खरंच पाडलं तर पोटावर पालथं पडून मानेमागे बोटं गुंफायची आणि हलायचं नाही. काळं अस्वल हल्ला करतंय, किंवा कुठलंही अस्वल माग काढत येतंय किंवा तंबूत शिरतंय, तर मात्र जे हाताला लागेल त्याने लढायचं.

पायरी १० : प्रवास

विमानात बंदूक चेक-इन सामानातच जाते. रिकामी, कडक कुलूपबंद पेटीत, काउंटरवर सांगून. काडतुसं त्यांच्या खोक्यात. जिथून निघता, जिथे विमान बदलता आणि जिथे उतरता त्या राज्यांचे नियम वाचून ठेवा. न्यूअर्क किंवा न्यू यॉर्कच्या विमानतळावरून हँडगन घेऊन निघणाऱ्यांनी तर आधी वकिलाला विचारावं. अस्वलाचा स्प्रे विमानात कुठेही चालत नाही, केबिनमध्ये नाही आणि चेक-इनमध्येही नाही. पोचल्यावर विकत घ्या, परतताना लॉजवर किंवा पुढच्या ट्रेकरला देऊन टाका.

गाडीने कॅनडामार्गे अलास्काला जायचा बेत असेल तर हँडगन विसरा. अस्वलापासून संरक्षण हे कारण कॅनडाच्या सीमेवर हँडगनसाठी चालत नाही.

अलास्कात, कायद्याने बंदूक बाळगू शकणाऱ्या २१ वर्षांवरील माणसाला ती झाकून नेण्यासाठी २००३ पासून परमिट लागत नाही. पोलिसाने अडवलं तर बंदूक जवळ आहे हे लगेच सांगावं लागतं. राष्ट्रीय उद्यानांत २२ फेब्रुवारी २०१० पासून त्या त्या राज्याच्या कायद्यानुसार बंदूक नेता येते. पण नेता येते म्हणजे झाडता येते असं नाही, गोळीबाराला तिथे सर्वसाधारणपणे बंदीच आहे. व्हिजिटर सेंटर ही फेडरल इमारत असते, तिच्यात बंदूक घेऊन शिरणं गुन्हा आहे.

पायरी ११ : गोळी झाडावी लागलीच, तर

आधी माणसं बघा, जखमा बघा, बंदूक पुन्हा भरा. जखमी अस्वलाच्या मागे झुडपात जाऊ नका. मोकळ्या जागेत या आणि सॅटेलाइट फोनवरून किंवा सॅटेलाइट मेसेंजरवरून मदत मागा. जिथे जाणार आहात तिथे मोबाइलला रेंज नसेल हे धरूनच असं साधन जवळ ठेवा.

अलास्कात जीव किंवा मालमत्ता वाचवण्यासाठी अस्वल मारलं तर कायदा तुमच्या बाजूने आहे, पण अटींवर. तुम्ही त्याला छेडलेलं नसावं, उघड्यावर टाकलेल्या खाण्याने किंवा कचऱ्याने ओढून आणलेलं नसावं आणि दुसरा मार्ग उरलेला नसावा. ताबडतोब राज्याच्या वन्यजीव अधिकाऱ्यांना किंवा ट्रूपर्सना, म्हणजे राज्य पोलिसांना, कळवावं लागतं, १५ दिवसांत लेखी निवेदन द्यावं लागतं, आणि नखांसकट कातडं व कवटी काढून राज्याच्या हवाली करावी लागते. म्हणजे चांगली सुरी आणि ती चालवण्याची तयारी हाही सामानाचा भाग आहे. खालच्या ४८ राज्यांत ग्रिझली १९७५ पासून फेडरल संरक्षणाखाली आहे. तिथे स्वसंरक्षण हा बचाव मान्य होतो, पण जागेवर काहीही हलवू नका, अस्वलाला हात लावू नका, फोटो काढून ठेवा आणि लगेच अधिकाऱ्यांना कळवा. चौकशी होईल, खरं तेच सांगा. अस्वल जखमी होऊन निसटलं असेल तर ते कुठल्या दिशेला गेलं हे अधिकाऱ्यांना सांगा, आणि त्या वाटेवर मागून येणाऱ्या प्रत्येकाला थांबवा.